भूकंपानंतर त्या रात्री घरात झोपता येईल का?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका सभासदाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मुलांची नाच-गाणी आणि जेवण यांच्या मधली वेळ मला दिली आहे. लवकर आटपा, हा त्यातला निरोप मला समजला! पस्तीस वर्षं आरसीसी डिझाइनचं काम केल्यामुळे लिफ्टमध्ये कोणी ना कोणी विचारतंच, "काका, आपली बिल्डिंग भूकंपात सेफ आहे ना?" पुढच्या सर्वसाधारण सभेत स्ट्रक्चरल ऑडिट आणि दुरुस्तीचा विषय आहे, म्हणून आज या प्रश्नाबद्दलच बोलतो.

भूकंपासाठीचं आपलं भारतीय मानक म्हणजे आयएस १८९३. ते पहिल्यांदा १९६२ मध्ये आलं. अशा मानकांचा मुख्य हेतू एकच असतो, मोठ्या भूकंपात इमारत कोसळू नये आणि माणसं जिवंत बाहेर पडावीत. भूकंपाचं सगळं बळ जसंच्या तसं सोसेल अशी इमारत बांधायला खर्च फार येतो. म्हणून डिझाइन त्याच्या काही अंशासाठीच करतात आणि उरलेलं लोखंडाच्या लवचिकपणावर सोडतात. ओला फोक वाकतो, वाळकी काडी मोडते, तसं हे आहे. पण वाकलेला फोक पुन्हा सरळ होत नाही. तडे गेलेली, कललेली इमारत मानकाच्या हिशेबात 'पास' असते. तिच्यात पुन्हा राहता येईल, असं मानकाने कधीच कबूल केलेलं नव्हतं. घर घेणाऱ्याला मात्र हे कोणी सांगितलेलं नसतं.

ही गोष्ट ठळकपणे पुढे आली ती कॅलिफोर्नियात. १७ जानेवारी १९९४ ला लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला. एवढ्या मोठ्या महानगरात साठच्या आसपास माणसं गेली, म्हणजे जीव वाचवण्याच्या दृष्टीने मानकं बऱ्याच अंशी यशस्वी ठरली. नुकसान मात्र अब्जावधी डॉलरचं झालं. तिथल्या ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाची कथा तर ऐकण्यासारखी आहे. जुनी इमारत १९७१ च्या भूकंपात निकामी झाली, म्हणून नवी अतिशय भक्कम बांधली. १९९४ मध्ये तिचा सांगाडा ठणठणीत राहिला, पण आगीसाठी बसवलेल्या पाण्याच्या पाइपलाइन फुटल्या, मजल्यांवर पाणी झालं आणि रुग्णांना हलवावं लागलं. इमारत पास, रुग्णालय बंद!

बरोबर एक वर्षाने, १७ जानेवारी १९९५ ला, जपानमध्ये कोबेचा भूकंप झाला आणि सहा हजारांहून अधिक माणसं गेली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या संघटनेने 'व्हिजन २०००' हा अहवाल दिला. त्यांनी इमारतीच्या अवस्थेचे चार टप्पे केले : काहीच न बिघडलेली, किरकोळ बिघाड होऊन वापरात असलेली, जीव वाचवणारी, आणि कोसळण्याच्या बेतात आलेली. किती मोठ्या भूकंपात यातली कोणती अवस्था चालेल, हे मालकाने आधी ठरवायचं आणि इंजिनिअरने त्यासाठी डिझाइन करायचं. यालाच परफॉर्मन्स-बेस्ड, म्हणजे कामगिरीवर आधारलेली भूकंप अभियांत्रिकी म्हणतात.

पुढे बर्कलेच्या 'पीअर' या संशोधन केंद्रात ॲलिन कॉर्नेल, हेल्मुट क्राविंक्लर वगैरे मंडळींनी त्याला गणिताची बैठक दिली. आपल्या जागी जमीन किती हलू शकते? त्याने इमारत किती झुलेल? त्यात काय काय मोडेल? आणि त्या मोडतोडीची किंमत काय, म्हणजे किती पैसे, किती दिवस, किती जीव? २०१२ मध्ये 'फेमा पी-५८' या नावाने ही पद्धत वापरण्याजोग्या स्वरूपात आली. तिचं उत्तर शक्यतेच्या भाषेत असतं. भूकंपाची तारीख ती सांगत नाही.

तेव्हा दिवसांचा हिशेब किती मोलाचा, हे न्यूझीलंडने नुकतंच अनुभवलं होतं. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात क्राइस्टचर्चमध्ये १८५ माणसं गेली, त्यातली बहुतेक दोन काँक्रीट इमारती कोसळून. बाकीच्या बहुतेक आधुनिक इमारती ठरल्याप्रमाणे उभ्या राहिल्या. पण शहराच्या मध्यभागातल्या हजारावर इमारती नंतर पाडाव्या लागल्या, आणि तिथला काही भाग दोन वर्षांहून अधिक काळ बंद होता. तिथलं महिला रुग्णालय शिसं-रबराच्या बेअरिंगवर बसवलेलं होतं, ते चालू राहिलं. आपल्याकडे भुजचं जुनं सरकारी रुग्णालय २००१ मध्ये कोसळलं, त्यानंतरचं नवं अशाच बेअरिंगवर बांधलं आहे.

आता संशोधनाचा रोख 'भूकंपानंतर किती दिवसांत वापर सुरू होईल' याकडे आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये सरकारी संस्थांनी त्यावर अहवाल दिला. २०२३ मध्ये सॅन डिएगोच्या शेक टेबलवर दहा मजली लाकडी इमारत हलवून पाहिली. आपल्याकडे काम बरंच बाकी आहे. आपल्या विटांच्या भिंती कशा आणि कधी फुटतात याला परदेशी कोष्टकं जशीच्या तशी लागू पडणार नाहीत.

हे सगळं आपल्याला कशाला, असं वाटेल. किल्लारीचा भाग १९९३ पर्यंत नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, एवढंच सांगतो. २००१ मध्ये भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादेत फ्लॅटच्या इमारती कोसळल्या, त्यातल्या कितीतरी खाली मोकळं पार्किंग असलेल्या. अशा मजल्याचे खांब अडीच पट बळासाठी डिझाइन करा, असं आपलं मानक २००२ मध्ये सांगू लागलं. आपल्या इमारतीचे नकाशे त्याआधीचे आहेत, आणि खाली पार्किंग आहे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या. नेहमीचं ऑडिट काँक्रीटची तब्येत आणि लोखंडाचा गंज सांगतं, इमारत हलल्यावर काय होईल ते सांगत नाही. तेव्हा कन्सल्टंटकडून पुशओव्हर विश्लेषणही मागा. संगणकावर इमारत बाजूने हळूहळू ढकलत कोणता खांब आधी हार मानतो ते त्यात कळतं. फी जास्त पडेल, पण सिंकिंग फंड अशाच कामासाठी असतो. दुसरं, मध्यम भूकंपात आणि मोठ्या भूकंपात काय मोडेल, खर्च किती आणि घराबाहेर किती दिवस राहावं लागेल, हे लेखी घ्या. नुसत्या 'सेफ' शब्दावर सही करू नका. तिसरं, गच्चीवरच्या टाक्या, गॅसच्या नळ्या, मीटरचे बोर्ड नीट जखडलेले आहेत का ते पाहा. आणि हॉल मोठा करायला भिंत पाडायची असेल, तर आधी समितीला विचारा, कंत्राटदाराला नको.

जेवणाचा वास येऊ लागला आहे, तेव्हा थांबतो. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा. पुढच्या सभेला कोरमसाठी अर्धा तास थांबायला लावू नका, वेळेवर या.