कृत्रिम नेत्रगोल, जंतुसंसर्ग आणि उसाचे पान

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका नेत्रशल्यविशारदांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘नेत्ररोग आणि आधुनिक संशोधन’ असा विस्तृत विषय दिला होता. मोतीबिंदू, काचबिंदू यांविषयी नेत्रशिबिरांतून आपण पुष्कळ ऐकले आहे. म्हणून मी या विषयाचा एक दुर्लक्षित कोपरा निवडला आहे. जंतुसंसर्गाने डोळा नासला आणि तो काढण्याची वेळ आली, तर त्या रिकाम्या जागी काय बसवतात, ते तेथे कसे टिकते आणि तेथेही जंतू शिरले तर काय होते, हे मी सांगणार आहे. विषय सुखद नाही, याची मला कल्पना आहे. परंतु आपल्या सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यातील श्रावक बहुतांशी शेतकरी आहेत, आणि डोळा गमावण्याची एक वाट थेट उसाच्या फडातून जाते.

पाचट काढताना उसाच्या पानाची करवती धार डोळ्याला लागते. मळणीत भाताचे तूस उडते, ज्वारीचे धाट टोचते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ज्याला आपण पारपटल म्हणतो, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याच्या वरच्या थरावर ओरखडा उठला की पानावरची बुरशी किंवा जंतू आत जातात. पहिल्या दिवशी केवळ खुपते, पाणी येते. तीन-चार दिवसांनी पांढरा ठिपका दिसतो. आपल्याकडे त्याला ‘फूल पडले’ म्हणतात आणि पुष्कळदा तेथेच सोडून देतात. फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस या बुरशी उष्ण प्रदेशातील शेतांत सर्वत्र आढळतात. त्या पारपटलात खोलवर मुळे धरतात, पारपटल वितळते, फुटते आणि पू संपूर्ण नेत्रगोलात पसरतो. मग औषधाला वाव उरत नाही. आंधळा झालेला, असह्य दुखणारा डोळा काढावाच लागतो.

काढण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत संपूर्ण नेत्रगोल काढतात. दुसरीत बाहेरचे पांढरे कवच, म्हणजे श्वेतपटल, आणि त्याला जोडलेले स्नायू तसेच ठेवून आतील सर्व द्रव्य काढून टाकतात. दोन्ही प्रकारांत सुमारे सात मिलिलिटर जागा मोकळी होते. ती तशीच ठेवली तर पापणी आत ओढली जाते आणि वरच्या पापणीखाली खळगा पडतो. लहान मुलांमध्ये तर त्या बाजूचे हाडच नीट वाढत नाही. बाहेरून बसवायचा कृत्रिम डोळा, ज्याला लोक अजून ‘काचेचा डोळा’ म्हणतात आणि जो आज ॲक्रिलिकचा असतो, तो एक पातळ कवचीसारखा तुकडा आहे. सगळी पोकळी त्याने भरत नाही. म्हणून आत खोलवर साधारण १८ ते २२ मिलिमीटर व्यासाचा गोळा बसवून, वर शरीराचे स्वतःचे आवरण शिवून, मग बाहेर ती कवची ठेवतात.

इंग्लंडमधील मँचेस्टरचे डॉ. फिलिप हेन्री म्यूल्स यांनी १८८५ मध्ये अशा रिकाम्या कवचात काचेचा गोळा बसवला. तेव्हापासून सोने, चांदी, कूर्चा असे नाना पदार्थ वापरून झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲक्रिलिकचा गोळा रुळला. हे तेच प्लास्टिक, ज्याचे भिंग १९४९ मध्ये लंडनच्या डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात प्रथम बसवले. गुळगुळीत ॲक्रिलिकचा दोष एवढाच की शरीर त्याला आपलेसे करीत नाही. तो आत असतो, पण परका असतो, आणि कधी सरकतो किंवा बाहेर ढकलला जातो.

त्यावर १९८० च्या दशकात अमेरिकेचे डॉ. आर्थर पेरी यांनी नवा मार्ग काढला. समुद्रातील प्रवाळाचा सांगाडा सच्छिद्र असतो. त्यातील सर्व सेंद्रिय भाग नाहीसा करून त्याचे उष्णता व दाब यांच्या साहाय्याने हायड्रॉक्सिॲपेटाइटमध्ये, म्हणजे आपल्या हाडांतच असणाऱ्या खनिजात, रूपांतर करायचे आणि त्याचा गोळा करायचा. शरीरातील सूक्ष्म रक्तवाहिन्या छिद्रांतून आत वाढतात आणि गोळा शरीराचाच भाग होतो. अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्यामागून सच्छिद्र पॉलिएथिलीन आले, ॲल्युमिना आले. गोळ्यात छिद्र पाडून त्यात खुंटी बसवायची आणि ती बाहेरच्या कृत्रिम डोळ्यात अडकवायची, म्हणजे तो डोळा दुसऱ्या डोळ्याबरोबर हलेल, अशीही योजना झाली. काही वर्षे नेत्रशल्यचिकित्सक या कल्पनेने हरखून गेले होते.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण प्रश्न आपल्यातलाच आहे. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या एका वयोवृद्ध श्रावकांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मला विचारले, “डॉक्टर, गोळा कशाचा बसवणार? जिवाचा नाही ना?” प्राणिशास्त्र प्रवाळाला प्राणी मानते. आपल्या ग्रंथांत प्रवाळाची गणना पृथ्वीकायात केलेली आहे. या दोन वर्गीकरणांचा मेळ कसा घालावा, हे पंडितांनी सांगावे, तो माझा अधिकार नाही. मी त्यांना एवढेच सांगितले, “आजोबा, तुम्हाला ॲक्रिलिकचा बसवू. तो कारखान्यातला आहे, आणि माझ्या मते तुमच्या डोळ्याला तोच बरा.” त्यांचे समाधान व्हावे म्हणून मी हे बोललो नव्हतो. त्यामागे संशोधनाचा आधार होता.

सच्छिद्र गोळ्यांचा उत्साह ओसरू लागला तो त्यांच्या छिद्रांमुळेच. रक्तवाहिन्या आत जाण्यापूर्वी, किंवा वरचे आवरण विरून गोळा उघडा पडल्यावर, जंतूही त्याच छिद्रांतून आत जातात. आत गेल्यावर ते स्वतःभोवती चिकट पडदा विणतात. गोळ्याच्या गाभ्यात रक्तपुरवठा अपुरा असतो, त्यामुळे पोटात घेतलेले औषध तेथे पोचत नाही, आणि वरून घातलेले थेंब पृष्ठभागावरच राहतात. खुंटीसाठी पाडलेले छिद्र म्हणजे तर जंतूंना कायमचे उघडे दार. चेहऱ्यावर फारसे काही दिसत नाही, म्हणून निदान लांबते. चिकट स्राव येत राहतो, थेंब घातले की आठवडाभर कमी होतो, पुन्हा येतो. खोबणीत लालसर मांसाचा कोंब वाढतो आणि त्यातून रक्त येते. बोटाने दाबले तर गोळा दुखतो. अशा रुग्णाला महिनोन्महिने साधे ‘डोळे आले’ समजून औषध दिले जाते. खरा संसर्ग गाभ्यात पोचला असेल तर गोळा काढण्यावाचून उपाय सहसा उरत नाही, आणि रक्तवाहिन्यांनी घट्ट धरलेला गोळा काढणे हे बसवण्यापेक्षा कठीण काम आहे. आता खुंटी बसवण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी मागे पडली आहे.

मग सच्छिद्र गोळा अधिक चांगला हलतो, हा लाभ तरी खरा आहे का? हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतून २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डोळा काढलेल्या १५० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागणी केली होती. एका गटात ॲक्रिलिकचा गोळा जुन्या रीतीने, दुसऱ्यात तोच गोळा, परंतु स्नायू नेत्रश्लेष्मलेला, म्हणजे डोळ्यावरील पातळ आवरणाला, शिवण्याच्या नव्या रीतीने, आणि तिसऱ्यात महागडा सच्छिद्र पॉलिएथिलीनचा गोळा बसवला. नव्या रीतीने शिवलेल्या साध्या गोळ्याची हालचाल जुन्या रीतीपेक्षा सरस आणि सच्छिद्र गोळ्याच्या तोडीची आढळली. शस्त्रक्रियेत टाका कोठे घातला, याला वस्तूच्या किमतीहून अधिक मोल आहे, असा मी त्याचा अर्थ घेतो. आपल्या देशात हे संशोधन व्हावे, याचे मला विशेष वाटते.

दुसरा वादाचा मुद्दा असा होता की पूने भरलेल्या डोळ्यात त्याच वेळी गोळा बसवावा की नाही. पूर्वी सक्त मनाई होती. प्रथम डोळा रिकामा करायचा, जखम भरू द्यायची आणि काही काळाने दुसरी शस्त्रक्रिया करायची. गेल्या दोन-तीन दशकांतील अभ्यासांवरून असे दिसते की संसर्ग श्वेतपटलाच्या आत सीमित असेल, आतील द्रव्य पूर्ण स्वच्छ केले असेल आणि जंतुनाशके नीट दिली असतील, तर निवडक रुग्णांत एकाच वेळी गोळा बसवता येतो. मात्र ‘निवडक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन वेळा भूल नको म्हणून रुग्णाच्या नातेवाइकांनी आग्रह धरू नये.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने आपल्या राज्यात जे घडवले, ते आपणांस स्मरत असेल. त्यात अनेक रुग्णांचे केवळ नेत्रगोल नव्हे, तर खोबणीतील सर्व काही काढावे लागले. तेथे गोळ्याचा प्रश्नच येत नाही. चष्म्याला जोडलेला किंवा चिकटवलेला सिलिकॉनचा कृत्रिम भाग लावावा लागतो.

नेत्रदानाविषयी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मिळालेल्या डोळ्याचे पारपटल दृष्टीसाठी वापरले जाते, आणि उरलेले श्वेतपटल निर्जंतुक करून जपून ठेवता येते. गोळ्याला आच्छादन घालण्यासाठी, किंवा आवरण विरून उघड्या पडलेल्या गोळ्यावर ठिगळ लावण्यासाठी ते उपयोगी पडते. आपल्या समाजात नेत्रदानाची संकल्पपत्रे मोठ्या श्रद्धेने भरली जातात. पारपटल वापरण्यायोग्य नसले तरी ते दान वाया जातेच असे नाही.

आता ज्या ओरखड्यापासून हे सर्व सुरू होते, त्याकडे वळतो. नेपाळमधील भक्तपूर येथे झालेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. गावोगावच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दोन वर्षांत पारपटलावर ओरखडा उठलेल्या ४४२ व्यक्तींना क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस लावले. इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत आलेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ पैकी चौघांना झाला. २४ ते ४८ तासांत आलेल्या ४९ पैकी १४ जणांना झाला. मलम तेच होते, फरक तासांचा होता. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नेपाळमध्येच पुढे तुलनात्मक गट घेऊन मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, आणि कार्यकर्ते नेमलेल्या व न नेमलेल्या गावांत व्रणांचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. माझ्या मते गावात कार्यकर्ता असून भागत नाही, इजा झालेल्या माणसाने त्याच दिवशी त्याच्याकडे गेले पाहिजे. आपल्याकडे तो जातो कोठे? डोळ्यात दूध किंवा एरंडेल घालतो, जिभेने कुसळ काढणाऱ्याकडे जातो, नाहीतर दुकानातून थेंब आणतो. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर लाली उतरते, बरे वाटते, आणि आत बुरशीला रान मोकळे मिळते.

व्रण झालाच, तरी डोळा वाचू शकतो. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने अमेरिकेतील संशोधकांसह ३२३ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, नाटामायसिन हे जुने औषध नव्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरले, विशेषतः फ्युजेरियम बुरशीत. परंतु हे औषध आरंभी रात्रंदिवस, तासातासाला घालावे लागते. आणि येथे आपल्या घरांत अडचण येते. थेंब नाकावाटे घशात उतरतो, त्याची चव लागते, म्हणून व्रतस्थ माणसे सूर्यास्तानंतर औषध थांबवतात आणि हे डॉक्टरांना सांगतही नाहीत. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडील कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरला, तर घशात उतरणारे औषध बरेच कमी होते. त्यापलीकडचा निर्णय मुनिमहाराजांना विचारून घ्यावा, पण पहिल्याच दिवशी विचारावा आणि डॉक्टरांनाही सांगावे. चार हात भूमी पाहून चालण्याची ईर्यासमितीसुद्धा डोळ्यांवरच अवलंबून आहे, हे महाराजांना मी काय सांगणार.

ज्यांना कृत्रिम डोळा बसवलेला आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. तो रोज काढू नका, हाताळणी जितकी कमी तितका संसर्ग कमी. हात धुतल्याशिवाय स्पर्श करू नका. वर्षातून एकदा तज्ज्ञाकडून तो घासून गुळगुळीत करून घ्या, कारण खरबरीत पृष्ठभाग आतले आवरण झिजवतो. स्राव पंधरा दिवसांहून अधिक टिकला तर थेंब बदलत बसू नका, खोबण तपासून घ्या. आणि उरलेल्या एका डोळ्यावर न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या काचेचा चष्मा, नंबर नसला तरी, दिवसभर असू द्या. पाचट काढायला जाणाऱ्या दोन डोळ्यांच्या माणसांनीही साधा संरक्षक चष्मा लावावा. फडात घामाने तो धूसर होतो, ही तक्रार रास्त आहे. बाजूने हवा खेळणारे चष्मे मिळतात, ते घ्यावेत.

 ज्यांना खोबणीचा किंवा गोळ्याचा त्रास आहे, त्यांनी व्याख्यानानंतर मागच्या खोलीत यावे, मी थांबणार आहे. जय जिनेंद्र.