दिलेला रविवार



मागे बुद्धपौर्णिमेला आम्ही विहारातले काही जण आपल्या शहरातल्या विशेष मुलांच्या निवासी शाळेत गेलो. केळी वाटली, फोटो काढले. निघताना एक पोरगा हात सोडेना. "रविवारी येतो," असं सांगून सुटलो आणि तीन महिने फिरकलो नाही. पुढं गेलो तेव्हा तिथल्या ताई म्हणाल्या, "तो दर रविवारी फाटकाशी बसायचा." खोटं बोलणार नाही, हे चौथं शील आपण रोज घेतो. आमची मान खाली गेली.

चुल्लपंथक भिक्खूला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. सख्ख्या भावानंच त्याला विहारातून जायला सांगितलं. तथागतांनी मात्र हाती पांढरं फडकं देऊन त्याला झेपेल तेवढीच साधना दिली. तोच पुढं अर्हत झाला.

अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना स्वतःचं नाव दिलं. अठरा वर्षं झाली म्हणून अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नका, यासाठी ते झगडले. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

एवढं मोठं काम आपल्याच्यानं होईल असं नाही. आम्ही आता पाळीपाळीनं जातो. घास भरवतो, गुंड्या लावायला शिकवतो, नुसतं सोबत बसतो. तुम्हीही महिन्यातला एक रविवार द्या. मात्र दिला, तर पाळा.

नमो बुद्धाय! जयभीम!