गोडं पाणी, निम्मी परीक्षा

मालवण किनाऱ्यावर पाण्याची परीक्षा जिभेनं होते: खारं ते वाईट, गोडं ते चांगलं. यातलं निम्मंच खरं. गोडं पाणी हलकं, म्हणून जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा 1 मीटर वर असेल, तर खाली साधारण 40 मीटर गोडं पाणी टिकतं. एप्रिल-मेमध्ये पंपानं भरमसाट उपसा झाला की खारेपणा वर सरकतो, आणि तो जिभेला कळतो. जंतू मात्र कळत नाहीत. इथला जांभा दगड सच्छिद्र, शोषखड्ड्यातली घाण पहिल्या पावसाबरोबर विहिरीत झिरपू शकते आणि पाणी दिसतं नितळच.

जंतू मारायला टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकायचं सुचवलं की ‘टीसीएलचा वास येतो, आजोबांनी हेच पाणी प्यायलं,’ असं म्हटलं जातं. वास येतो, मान्य. पण आजोबांच्या काळात पटकी आणि विषमज्वर होतेच, आणि विहिरीशेजारी शोषखड्डा क्वचितच असे. पाणी उकळावं, तर जंतू मरतात, मीठ तसंच राहतं. जंतू जिभेला कळत नाहीत, म्हणून ग्रामपंचायतीच्या नळयोजनेत खरी कसोटी टाकीपाशी नाही, शेवटच्या नळापाशी: तिथं लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीत पाणी पिवळसर झालं, तर क्लोरीन आहे. रंगच आला नाही, तर पावडरीची नोंदवही कितीही नेटकी असो, ते पाणी तसंच पिऊ नये.