अक्षरांची जुळणी : नवशिक्यांसाठी चार गोष्टी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपली स्मरणिका यापुढे तरुण मंडळी स्वतःच संगणकावर जुळविणार आहेत, म्हणून चार शब्द सांगण्याची आज्ञा मला झाली. मी मुद्रक नव्हे. या स्मरणिकेची मुद्रिते तपासणारा एक शिक्षक. माझा अधिकार असलाच तर तो चुकांतून आलेला आहे.

१९८८ साली आपली स्मरणिका खिळ्यांवर छापली जात असे. दोन पानांचा कागद वाचावा म्हणून शिष्यवृत्तीची यादी बारीक टाइपात, ओळींमधील शिशाच्या पट्ट्या काढून छापावी, असे मीच सुचविले. अंक निघाल्यावर एक विधवा भगिनी घरी आल्या. "गुरुजी, माझ्या मुलीचे नाव गाळलेत काय?" नाव छापलेले होते, परंतु त्या दाटीत त्यांच्या बोटाला ते सापडले नव्हते. वाचविलेल्या कागदाची किंमत मला त्या दिवशी कळली.

म्हणून पहिला नियम ओळींतील अंतराचा. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा व रफार, तर खाली उकार असतात; त्यांना मोकळी जागा हवी. मजकूर १२ ते १४ पॉइंटांत घ्यावा व ओळींतील अंतर अक्षराच्या सुमारे दीडपट ठेवावे. ७२ पॉइंटांचा एक इंच होतो.

दुसरा नियम कडांचा. अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट धरल्यास शब्दांमध्ये खिंडारे पडतात. तेथे उजवी कड मोकळी सोडावी. समासही सढळ असावा.

तिसरा नियम वळणाचा. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि सुबक खिळ्यांनी लौकिक मिळविला. ती परंपरा आपली आहे. एका पानावर दोनांहून अधिक वळणे नकोत. पाकळीचा ल व देठाचा श निवडावा; शासनाच्या २००९ सालच्या निर्णयातही हीच रूपे आहेत. टंक युनिकोडचाच घ्यावा. नाहीतर दुसऱ्या संगणकावर मजकुराची निरर्थक चिन्हे होतात.

चौथा नियम शुद्धतेचा. 'आचार्यांना' दक्षिणा देतात व 'आचाऱ्यांना' मजुरी. एका रफाराने निमंत्रणाचा अर्थ बदलतो. मुद्रित तपासताना एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने छापील प्रत पाहावी. नावे तर अक्षर अक्षर ताडून पाहावीत. ज्याने मजकूर जुळविला, त्यानेच तो शेवटचा तपासू नये. आपली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

१९८९ च्या अंकात ती यादी मी मोठ्या टाइपात पुन्हा छापविली. त्या भगिनींनी ते पान जपून ठेवले, असे पुढे कळले. कित्येक घरांतील माणसांचे नाव आयुष्यात एकदाच छापले जाते, आणि ते बहुधा आपल्याच स्मरणिकेत. ते वाचता यावे, एवढीच माझी तरुणांना विनंती आहे.