खांदेरीचं दीपगृह

अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्रात दोन बेटं दिसतात. अलीकडची उंदेरी, पलीकडची खांदेरी. खांदेरीच्या टेकडीवरचं अष्टकोनी दीपगृह इंग्रजांनी १८६७ साली बांधलं. त्याच्या जवळपास दोनशे वर्षं आधी या बेटावर कुणाचा तट उभा राहू नये म्हणून याच इंग्रजांनी जंग जंग पछाडलं होतं.

१६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या हुकमावरून मायनाक भंडारी माणसं घेऊन खांदेरीवर उतरला आणि तटाचं काम सुरू झालं. मुंबईचे इंग्रज हादरले. बंदरात येणारं-जाणारं प्रत्येक जहाज आता मराठ्यांच्या नजरेखालून जाणार होतं. त्यांनी बेटाची नाकेबंदी केली, जंजिऱ्याचा सिद्दीही येऊन मिळाला. पण वारा पडला की त्यांची शिडाची मोठी जहाजं जागीच खोळंबायची, आणि मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्रीच्या अंधारात वल्ही मारत किनाऱ्यावरून रसद पोचवायच्या. मला तर त्या वल्हेकऱ्यांचं फार कौतुक वाटतं. लढाई अर्धी त्यांनीच जिंकली. १८ ऑक्टोबरला दोन्ही आरमारं भिडली आणि इंग्रजांची ‘डव्ह’ नावाची गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, मराठ्यांच्या हाती लागली. तट पुरा झाला. १७१८ मध्ये मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या हातून बेट घेण्याचा इंग्रजांनी पुन्हा प्रयत्न केला, तोही फसला.

पुढं राज्यच इंग्रजांचं झालं. १८६० नंतर कापसाच्या व्यापारानं मुंबई बंदर गजबजलं. दक्षिणेकडून रात्री येणाऱ्या जहाजाला किनाऱ्यालगतचे खडक टाळून बंदराचं तोंड गाठायचं, तर वाटेत खूण हवी. जिथून सगळी जहाजं दिसतात, ती जागा सगळ्या जहाजांनाही दिसते. महाराजांनी हेरलेली तीच टेकडी दिव्यासाठी नक्की झाली.

बेटावर कोळी बांधवांचा वेताळ आहे. तिथं एक शिळाही आहे, दगडानं ठोकली की भांड्यासारखी खणखणते. थळचे कोळी दर्शनाला आजही होड्या घेऊन येतात. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत खांदेरी आहे.

आणि १९९८ पासून या बेटाचं अधिकृत नाव आहे कान्होजी आंग्रे बेट. इंग्रजांच्या कागदोपत्री कान्होजी कायम चाचेच राहिले. त्याच इंग्रजांनी बांधलेलं दीपगृहही आज कान्होजींच्याच नावानं ओळखलं जातं.