जनरल माधव महाराज

आम्ही उज्जैनकर माधव कॉलेजात शिकलो, माधवनगरात राहिलो; पण ज्यांच्या नावाने हे सारे, ते माधवराव शिंदे लेफ्टनंट जनरल होते, हे आमच्यातल्या किती जणांना ठाऊक?

हुद्दा मानाचा. रणांगणावर फौज त्यांनी चालवली नाही, हे आधीच सांगितलेले बरे. १८८६ साली गादीवर बसले तेव्हा वय अवघे नऊ. १९०० साली चीनमध्ये बॉक्सरांचे बंड उठले आणि तेविशीतले महाराज जनरल गॅसली यांच्या हाताखाली ऑर्डर्ली अधिकारी म्हणून गेले. राजाने दुसऱ्याचे हुकूम पोहोचवायचे! जखमींसाठी इस्पितळाचे जहाजही त्यांनी स्वखर्चाने दिले. आमच्या मते त्यांची खरी शिपाईगिरी हीच.

१९१४ साली ग्वाल्हेरचे पायदळ पूर्व आफ्रिकेत टांगा येथे उतरले. लढाई इंग्रजांची, मग आपली माणसे का गेली, असे आमची मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. महाराज १९२५ साली पॅरिसला वारले. त्यांचे नाव गावभर राहिले. त्या शिपायांचे मात्र एकही नाव आम्हाला सांगता येत नाही.

आपल्यापैकी कुणाच्या घरी ग्वाल्हेर फौजेतल्या पणजोबांचे पदक, पत्र, फोटो असेल, तर विसर्जनाआधी मंडळात आणून दाखवा.