मागच्या फळीतला माणूस



मी इंदूरचा. बी.ए. करून फौजेत गेलो, एकतीस वर्षं नोकरी केली. पलटणीच्या फुटबॉल संघात मी लेफ्ट बॅक होतो. आज मात्र माझ्याबद्दल कमी आणि एका राइट बॅकबद्दल जास्त बोलणार आहे. त्याचं नाव ग्रॅहम अलेक्झांडर. तुमच्यातल्या बहुतेकांनी ते ऐकलं नसेल, आणि मुद्दाही तोच आहे.

२००९ चा ऑगस्ट. पलटणीची कमान मिळावी म्हणून निवड मंडळासमोर माझं नाव तीनदा गेलं होतं आणि तिन्ही वेळा वगळलं गेलं होतं. त्या वर्षी माझा सीओ होऊन आलेला अधिकारी माझ्याहून चार वर्षं ज्युनियर होता. माणूस चांगला होता. पण सकाळी त्याला सलाम ठोकताना हात जड व्हायचा. मुदतपूर्व निवृत्तीचा अर्ज टाइप करून मी टेबलाच्या खणात ठेवला होता.

त्या रात्री झोप येईना, म्हणून मेसमध्ये टीव्ही लावला. रात्री सव्वाबाराला बर्नली आणि मँचेस्टर युनायटेड यांचा सामना होता. बर्नली हा छोट्या गावाचा क्लब, तेहतीस वर्षांनी पहिल्या श्रेणीत परतलेला. समोर गतविजेते. बर्नलीच्या बचावफळीच्या जरा पुढे एक खेळाडू उभा होता, वय ३७. चार दिवसांपूर्वीच तो प्रीमियर लीगमधला आपला पहिला सामना खेळला होता. सदतिसाव्या वर्षी पदार्पण! मी खुर्ची पुढे ओढली.

नंतर त्याची सगळी माहिती काढली. १९९० च्या सुमारास त्याने स्कन्थॉर्पमधून सुरुवात केली, तेव्हा तो क्लब चौथ्या श्रेणीत होता. तिथून ल्यूटन. १९९९ मध्ये प्रेस्टन, तिथे आठ वर्षं. २००१ मध्ये प्रेस्टन वरच्या श्रेणीच्या दारापर्यंत गेलं आणि प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात बोल्टनकडून ०-३ हरलं. दार बंद. पुढच्या हंगामात हा पुन्हा बूट बांधून मैदानात. स्कॉटलंडकडून पहिला सामना मिळाला तो तिशीत. पुढे चाळीस सामने खेळला. २००७ मध्ये बर्नलीत आला आणि २००९ मध्ये ते दार उघडलं.

बचावपटूचं दुखणं आम्हा फौजींना पटकन कळतं. गोल केला की नाव फळ्यावर लागतं. जो गोल झालाच नाही, त्याची नोंद कुठे होते? चौकीवरचा जवान रात्रभर जागतो आणि सकाळी रिपोर्ट देतो, ‘सब ठीक है, साब’. ते ‘सब ठीक’ त्याने केलेलं असतं, पण कागदावर तेवढंच दिसतं.

त्या रात्री बर्नली १-० ने जिंकली. गोल रॉबी ब्लेकचा, पेनल्टी अडवली गोलरक्षक ब्रायन जेन्सनने. मथळ्यात ही दोन नावं. अलेक्झांडर नव्वद मिनिटं आपली जागा धरून होता.

गोष्ट इथे संपवली तर ती सिनेमाची होईल. त्याच हंगामाअखेर बर्नली पुन्हा खाली घसरली, आणि हाही त्यांच्याबरोबर खाली आला. पण २०११ मध्ये त्याने हजार व्यावसायिक सामने पूर्ण केले. गोलरक्षक सोडले तर इंग्लंडमध्ये त्याच्याआधी हे एकट्या टोनी फोर्डने केलं होतं. शेवटी तो स्कन्थॉर्पला परतला आणि २०१२ मध्ये, चाळिशीत, तिथेच थांबला.

माझं काय झालं? अर्ज फाडला. दुखणं गेलं, असं खोटं सांगणार नाही. कर्नलचा हुद्दा पुढे मिळाला, पण सेवेच्या वर्षांवर. कमान कधीच मिळाली नाही. उरलेली सहा वर्षं नवे लेफ्टनंट घडवण्यात गेली. गस्तीचा नकाशा कसा वाचायचा, जवानाच्या घरचं पत्र आलं की त्याच्या चेहऱ्यावर काय वाचायचं, हे त्यांना शिकवलं. त्यांतले काही आज स्वतः पलटणी सांभाळतात. फोन करतात, ‘सर, सब ठीक है.’

तुमच्यापैकी कुणाच्या खणात असा अर्ज पडला असेल, तर तो द्यायचा की फाडायचा हे तुम्ही ठरवा. फक्त रागाच्या रात्री ठरवू नका. आधी एवढंच बघा, की आपण जागा सोडली तर मागे कोण उघडं पडतं.

जय हिंद.